चौथा रकाना

"आणि तुमचं स्वतःचं काय लिहू?" असं मास्तरांनी विचारलं तेव्हा ती टेबलाच्या खणात खोडरबर शोधत होती. खोडरबर हाताला लागलं आणि त्याच वेळी तिचं तोंड म्हणालं, "भावाकडे." ती म्हणाली असं म्हणणं बरोबर होणार नाही. तिने तो शब्द योजला नव्हता, गेल्या अकरा वर्षांत तो मोठ्याने उच्चारलाही नव्हता. पण शिंक यावी तसा तो आला आणि मास्तरांनी चौथ्या रकान्यात वळणदार अक्षरात बसवूनही टाकला. "भावांचा फोन?" तोंडाने तोही सांगितला, सगळे आकडे, कुठे न अडखळता. "किती दिवस राहणार?" यावर मात्र तोंड गप्प बसलं आणि तिला स्वतःलाच बोलावं लागलं. "नंतर सांगते," ती म्हणाली. मास्तरांनी पाचवा रकाना मोकळा सोडला, त्यात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढचा फोन लावला. सकाळचे दहा वाजले होते. बाहेर ऊन होतं, वारा औषधालाही नव्हता, समोरच्या गच्चीवर कोणाचा तरी पांढरा पलंगपोस सरळ खाली लोंबत होता, आणि उद्या दिवस उजाडायच्या आत समुद्र या खिडकीच्या गजांपर्यंत येणार, असं साहेब म्हणत होते.

मास्तर म्हणजे खरेखुरे मास्तर, शाळेत गणित शिकवणारे. शिरगणती असो, मतदान असो, साथ असो, माणसं मोजायची वेळ आली की पहिली धाड शाळेवर पडते. तशी ती कालही पडली होती आणि मास्तर डबा, पाण्याची बाटली आणि लाल पेन घेऊन वॉर्ड ऑफिसात हजर झाले होते. तिला ऑफिसात सगळे नोंदबाई म्हणत. जन्ममृत्यूच्या नोंदी गेली सत्तावीस वर्षं तिच्या टेबलावर होत होत्या. जन्म सांगायला लोक हसत येत, मरण सांगायला रांग मोडून येत. ती दोघांनाही त्याच चेहऱ्याने विचारायची, तारीख सांगा, वेळ सांगा, नातं काय. आता तिच्यापुढे आणि मास्तरांपुढे किनाऱ्यालगतच्या एकोणीस गल्ल्यांची यादी होती. घरोघर फोन लावायचा आणि पाच रकाने भरायचे. माणसं किती, वाहन आहे का, आजारी कोणी, कोणाकडे जाणार, किती दिवस. ज्याला जायला जागा नाही त्याला क्रीडागृहातली एक सतरंजी आणि चारच्या बसमधलं एक आसन. ज्याने चौथ्या रकान्यात नातेवाईक सांगितला, त्याचं नाव बसच्या यादीतून कमी. तो आपला आपण जाईल असं धरायचं आणि मग त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही, कारण बघायला माणसं नव्हती.

"वादळ नक्की येणार ना हो?" दर दहावा माणूस विचारायचा. "नाहीतर सगळं माळ्यावर चढवायचं आणि परत उतरवायचं. मागच्या वेळी कंबर धरली माझी." एका बाईने मांजरांची वेगळी नोंद घ्यायला लावली, तीन, त्यातलं एक गाभण. एका गृहस्थाने आपल्या मेव्हण्याचा पत्ता सांगितला आणि मग फोनवरच बायकोशी भांडण सुरू केलं, की मेव्हण्याकडे जाण्यापेक्षा वाहून गेलेलं काय वाईट. मास्तर अशा वेळी फोनवर हात ठेवून हसत. ती हसत नसे. म्हणजे हसू येतंय हे तिला कळायचं, कुठे येतंय तेही कळायचं, पण ते तोंडापर्यंत पोचेतो पुढचा नंबर लागलेला असायचा. हे आजचं नव्हतं. चहा गरम आहे हे जिभेला कळतं तसं तिला सगळं कळत होतं. आनंदाची गोष्ट कळायची, दुःखाची कळायची, नोंद बरोबर व्हायची. पुढे काही व्हायचं नाही. सुरुवातीला तिला याची थोडी भीती वाटली होती, मग भीतीही त्याच रांगेत जाऊन उभी राहिली आणि निघून गेली.

चौथ्या रकान्यात लोक खोटं सांगतात, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात नवव्या गल्लीतल्या घड्याळजीने तिला फोनवर सांगितलं होतं, "पुतण्याकडे चाललोय, गाडी घेऊन येतोय तो." आवाजात काय ऐट होती. तिने खूण केली आणि पुढे गेली. पुतण्या नव्हताच. चार दिवसांनी पाणी उतरल्यावर घड्याळजीची नोंद करायला शेजारच्या दुकानदाराला आणलं गेलं आणि तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, व्यवसाय घड्याळदुरुस्ती, आणि जवळचे नातेवाईक या शब्दांपुढे आडवी रेघ मारली. माणूस उपाशी आहे म्हणून कबूल करील, आजारी आहे म्हणेल, पण मला कोणी नाही हे ऑफिसातल्या बाईला फोनवर सांगणार नाही. तेव्हा तिनेच साहेबांना सुचवलं होतं की पुढच्या वेळी नुसती यादी नको, पडताळणी हवी. ज्याचं नाव सांगितलं त्या नातेवाईकाला दुसरा फोन करायचा, अमुक माणूस तुमच्याकडे येणार आहे हे खरं का म्हणून. आणि आपण लिहिलेली पानं आपण तपासायची नाहीत. लिहिणाऱ्याला आपल्या अक्षराची माया असते. साहेब खूश झाले होते. "डोकं आहे हो तुम्हाला," असं म्हणाले होते, इतक्या आश्चर्याने, की सत्तावीस वर्षांत त्यांना तिथे काय असल्याचं वाटत होतं कोण जाणे. आज दुपारी साडेबाराला सगळ्यांनी पानं बदलायची होती आणि पडताळणी सुरू करायची होती. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण बरोबर साडेबाराला पडणार आहोत, हे तिच्या साडेदहाच्या सुमाराला लक्षात आलं. छातीत काही धडधडलं नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं, दोन तास आहेत असं मनाशी म्हटलं आणि सतराव्या गल्लीला हात घातला.

खरं सांगायचं तर ती कुठेच जाणार नव्हती. असं तिने ठरवलं होतं असंही नाही. ठरवायचं राहून गेलं होतं, जसं लग्न राहून गेलं होतं. काल साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, आपापली सोय बघा, तेव्हा तिने घरी जाऊन खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले, पाण्याची पिंपं भरली आणि मग पलंगावर बसून राहिली. तिसरा मजला. इमारत अर्ध्या वाळूवर उभी. खांब सडलेत, मोठ्या पाण्याला धरणार नाहीत, असं इंजिनिअरने लिहून दिलेलं, आणि त्या कागदाची पोच सगळ्या बिऱ्हाडांच्या वतीने तिनेच सही करून दिलेली. म्हणजे तिला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. बसल्या बसल्या तिने एकेक जागा मनात उघडून पाहिली. क्रीडागृह. तिथे तिच्याच गल्लीतली माणसं असणार, सतरंजीला सतरंजी लागून, आणि ज्यांच्या घरची बारशी नि मरणं तिने लिहिली त्यांना दिसणार की नोंदबाईच्या चौथ्या रकान्यात कोणी नाही. ऑफिसचा वरचा मजला. तिथे फक्त साहेब आणि अग्निशमनवाले चौघे. मास्तरांनी काल निघताना आडून विचारलं होतं, "आमची सासुरवाडी आत आहे, उंचावर. मंडळी कालच गेली. तुमची काही सोय नसली तर संकोच नको, चार माणसांत पाचवं." भला माणूस. तिने "आहे सोय" म्हणून सांगितलं होतं, आणि बहुतेक त्या उत्तराचं शेपूट आज सकाळी तोंडातून बाहेर आलं होतं. उरलं घर. घर काही विचारत नाही. घरात बसून राहिलं तर जे व्हायचं ते आपल्याला न विचारता होईल, आणि तिला, कोणी विचारलंच असतं तर, एवढंच हवं होतं.

सतराव्या गल्लीत एक म्हातारी होती. एकटी, पायाने अधू, ऐकायला बरी. "मला काही नको ग बाई," ती फोनवर म्हणाली, "माझा मुलगा येतोय इतक्यात." नोंदबाईने पेन उचललं आणि ते तसंच धरून ठेवलं. इतक्यात. हा शब्द म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी फार लांब असतो; त्यात सकाळ मावते, दुपार मावते, अख्खी रात्र मावते. आईनेही असंच म्हटलं होतं, पायरीवर बसून, गुडघ्याशी ती मरून रंगाची बॅग धरून, "तू जा, तो येईल इतक्यात. तुझी गाडी चुकेल." वडील गेल्यावर आईचं तीन महिने इकडे, तीन महिने तिकडे असं ठरलं होतं. कोणाचीच कुरकूर नव्हती. दादाच्या घरी, वहिनीने केलेला चहा पीत, हसतखेळत ठरलं होतं. आई म्हणाली होती, मी म्हणजे तुमची बदलीवरची साहेबीण. दोन वर्षं बिनबोभाट चाललं, कारण दर खेपेला आदल्या दिवशी फोन व्हायचा आणि दादा स्वतः येऊन आईला घेऊन जायचा. त्या खेपेला ऑफिसची तपासणी होती. तिने विचार केला, आपणच नेऊन सोडू म्हणजे पुढचे दिवस मोकळे. फोन लावला, लागला नाही. तिने म्हटलं, तारीख काय ठरलेलीच आहे. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. तिच्या टेबलावर सगळ्या मुदती दिवसांत असत. महिन्यांवर तिचा विश्वास नव्हता, महिना अट्ठावीसचाही असतो नि एकतीसचाही. आई पहिल्या तारखेला आली होती, मध्ये एकतीसचे दोन महिने, नव्वद दिवस एकोणतिसाला भरले, तिसाला सकाळी ती आईला घेऊन निघाली. सव्वाचार तासांची वाट. दादाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तीन महिने म्हणजे तीन पानं होती, आणि तिसरं पान एकतिसाला संपत होतं. एकतिसाच्या संध्याकाळपर्यंत परत येऊ अशा बेताने तो आणि वहिनी वहिनीच्या माहेरी गेली होती. दाराला कुलूप. परतीची गाडी वीस मिनिटांवर. गेले असतील कुठे जवळपास, आई म्हणाली. पायरी सावलीत होती. तिने आईला पाण्याची बाटली दिली, पदर सारखा केला आणि ती गेली. एवढंच तिने केलं. वळून पाहिलं होतं की नाही, हे तिला कितीही खोदलं तरी आठवत नसे.

"माझा मुलगा कुठे राहतो ते सांगू का?" म्हातारी विचारत होती. "सांगा, फोनही सांगा," नोंदबाई म्हणाली. म्हातारीने फोन सांगितला, एक आकडा कमी. पुन्हा विचारल्यावर दुसराच आकडा कमी. नोंदबाईने चौथा रकाना मोकळा ठेवला आणि बसच्या यादीत म्हातारीचं नाव घातलं, पायाने अधू, दोन माणसं पाठवा. "मुलगा आला तर बसवाले परत जातील," तिने सांगितलं. "नाही आला तर तुम्ही क्रीडागृहात आहात असं त्याला मी कळवीन." म्हातारी म्हणाली, "बरं, तसं करा. त्याला नोकरीत सुट्टी मिळत नाही हो." दादाच्या शेजारणीने आईला दोनदा आत बोलावलं होतं, एकदा दिवेलागणीला, एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि दोन्ही वेळा आईने तिला हसून परत पाठवलं होतं. येतोच आहे तो. कोणाच्या तरी घरात जाऊन बसणं म्हणजे मुलगा येत नाही असं कबूल करणं. त्या रात्री पाऊस झाला, फार नव्हे. एकतिसाच्या संध्याकाळी दादा आला तेव्हा आई तापाने फणफणली होती आणि तरी म्हणाली, मी आत्ताच आले. बारा दिवस गेली नाही, तेराव्या दिवशी गेली.

दादाने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. सगळं उरकल्यावर माणसं पांगली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने एकदाच विचारलं, "तू तिला कोणत्या तारखेला सोडलंस?" "तीस," ती म्हणाली, "नव्वद दिवस झाले होते." त्याने मान हलवली. दुकानात भाव ऐकून हलवतात तशी, घ्यायचं नसतं तेव्हा. बस, इतकंच. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं; चार लोकांनी मध्ये पडून मिटवलं असतं, रडारड झाली असती. भांडण झालंच नाही. त्याने फोन केला नाही, तिने केला नाही. पहिल्या वर्षी ती वाट पाहत होती, दुसऱ्या वर्षी तो वाट पाहत असेल असं तिला वाटलं, तिसऱ्या वर्षापासून दोघांनाही लाज वाटायला लागली असावी, आणि मग ते तसंच सुकलं. आईची नोंद दादाच्या गावी झाली. दुसऱ्या कोणी तरी टेबलामागून तारीख विचारली असेल, वेळ विचारली असेल. तिला कधी कधी त्या नोंदीतलं अक्षर कसं असेल असं वाटे.

साडेबारा वाजले. साहेबांनी दारातून टाळी वाजवली. "चला, बदला पानं. शेजारच्याला द्या, पुढे वेळ नको." मास्तर उठले, आपला गठ्ठा सारखा करून त्यांनी तिच्यापुढे ठेवला आणि तिचा उचलला. "नियम तुमचाच," ते हसून म्हणाले. तिने गठ्ठा ओढला. सगळ्यात वर, वळणदार अक्षरात, पहिल्या पानावर सत्ताविसाव्या ओळीत ती स्वतः होती. म्हणजे ती नेमकी ज्याला भीत होती, किंवा भ्यायला हवी होती, ते झालंच नाही. मास्तर तिच्या भावाला फोन करणार नव्हते. मास्तरांचं पान तिच्याकडे आलं होतं, आणि तिच्या ओळीची पडताळणी तीच करणार होती, नियमाला धक्का न लावता. कारण नियम म्हणत होता की आपण लिहिलेलं पान तपासायचं नाही, आणि हे पान तिने लिहिलेलं नव्हतं. इतकी मोठी फट तिने ठेवली होती आणि सहा वर्षांत कोणाला दिसली नव्हती. आता एक खूण केली की झालं. भावाकडे, खूण, बसच्या यादीतून नाव कमी. दोन वाजता दादाच्या गावाकडची शेवटची गाडी सुटेल, ती तिच्यात नसेल. चारला क्रीडागृहाची बस जाईल, ती तिच्यातही नसेल. संध्याकाळी ती पायी घरी जाईल, आतून कडी लावील, आणि उद्या कागदावर सगळं बरोबर असेल.

ती पहिल्या ओळीपासून निघाली. एक मेव्हणा, खरा. एक मावशी, खरी, फार बोलकी. एक मित्र, ज्याने अमुक माणूस येणार म्हटल्यावर "आं? कधी?" असं विचारलं, त्याच्यापुढे तिने फुली केली. ओळीमागून ओळ. तर्जनी आकडे दाबत होती, कानाला घंटा ऐकू येत होती, तोंड ठरलेली दोन वाक्यं म्हणत होतं. शेजारी मास्तरही तेच म्हणत होते, जरा मोठ्याने, वर्गाला पाढे सांगितल्यासारखे. समोरच्या गच्चीवरचा पलंगपोस आता थोडा हलत होता. पंचविसावी ओळ, एक जाऊ. सव्विसावी, कोणी उचलत नाही, पुन्हा करणे. सत्ताविसाव्या ओळीवर पेन्सिल खूण करण्यासाठी टेकली होती, हे तिला नंतरही स्पष्ट आठवलं. पण सव्वीस ओळी जे केलं ते तर्जनीने सत्ताविसाव्यांदा केलं. तिचं लक्ष गेलं तर घंटा वाजायलाच लागली होती. ठेवावा असं तिला वाटलं. तेही जरासं, लांबून. एक घंटा, दोन, तीन. नंबर बदलला असेल. अकरा वर्षांत कोणाचा नंबर राहतो. चौथ्या घंटेला कोणीतरी उचललं आणि घसा खाकरून म्हणालं, "हं, बोला."

म्हातारा झाला होता. एवढंच तिला कळलं. त्याचा घसा वडिलांचा झाला होता. "वॉर्ड ऑफिसमधून बोलतेय," तिचा ऑफिसचा आवाज म्हणाला. "वादळाच्या यादीची पडताळणी चालू आहे. किनाऱ्यालगत राहणाऱ्या तुमच्या भगिनी..." तिने स्वतःचं नाव आणि पत्ता पानावरून वाचून दाखवला, बोट खाली धरून, चूक होऊ नये म्हणून. "यांनी तुमच्याकडे येणार असं सांगितलंय. हे बरोबर आहे का?"

पलीकडे बातम्या लागल्या होत्या. कोणीतरी वादळाचा वेग सांगत होतं. मग तो आवाज बंद झाला.

"तिने सांगितलंय?" दादाने विचारलं.

"हो."

"तिने स्वतः?"

"हो. सकाळी दहा वाजता."

तो बराच वेळ गप्प राहिला. पडताळणीत असा वेळ गेला की ती फुली करत असे. ज्याला ठाऊक असतं तो लगेच सांगतो, हा तिचाच ठोकताळा होता. पेन्सिल तिच्या हातात होती. फुली झाली तर क्रीडागृह, सतरंजी, सगळी गल्ली. खूण झाली तर घर. दोन्हींतलं काय हवं असं तिने स्वतःला विचारून पाहिलं आणि आत कोणी उत्तर दिलं नाही.

"मग बरोबर आहे," दादा म्हणाला. "येणार आहे."

आतून बाईचा आवाज आला, कोणाचा फोन म्हणून. वहिनी. तो फोन बाजूला न धरताच म्हणाला, "वॉर्ड ऑफिसचा."

हे खरं होतं की परक्या बाईपुढे घरची लाज राखली जात होती? शेकडो माणसांचं हो तिने आज ऐकलं होतं आणि कोणतं पोकळ आहे ते तिला पहिल्या अक्षराला कळलं होतं. हे कळेना. एवढी मोठी झाली, एवढी माणसं लिहिली, आणि स्वतःच्या भावाचं हो तिला वाचता येईना. विचारायची सोय नव्हती. विचारायला ती तिथे नव्हतीच, तिथे वॉर्ड ऑफिस होतं. म्हणून वॉर्ड ऑफिसने पुढचा रकाना पाहिला.

"किती दिवसांसाठी?"

"ते लिहावंच लागतं का?"

"रकाना आहे."

"मग ते तिलाच विचारा," दादा म्हणाला. "दिवस तिला बरोबर येतात."

लागलं. अगदी थेट लागलं. सुई टोचावी तसं एका जागी लागलं आणि त्या जागेच्या भोवतीचं सगळं एकदम दुखायला लागलं, बधिर झालेल्या पायात रक्त परत येतं तेव्हा दुखतो तसं. तिने खुर्चीचा हात धरला. मास्तरांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा आपल्या फोनकडे वळले. दादाने फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. तो तिथेच श्वास घेत होता, आणि तिला वाटलं, बोललं ते त्यालाही लागलं आहे.

"नाही, थांबा," तो म्हणाला. "ते तसं नका लिहू. वादळ जाईपर्यंत, असं लिहा." मग थोड्या वेळाने, "आणि वादळ गेलं की नाही ते इथून मी सांगेन. तिने ठरवायचं नाही."

"वादळ जाईपर्यंत," ती म्हणाली आणि तिने लिहिलं. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह मध्ये आलं, त्याच्यावरूनच लिहिलं.

"कोणत्या गाडीने निघणार ती?"

"दोनची. शेवटची तीच आहे."

"म्हणजे इथे सव्वासहा. आज?"

"आज."

"नाही, तारीख सांगा."

"अकरा."

"वार?"

"मंगळवार."

कागद ओढल्याचा आवाज आला. त्याने पेन झटकलं असावं. "मंगळवार, तारीख अकरा, संध्याकाळी सव्वासहा," दादा शब्द वेगळे करत म्हणाला, लिहीत लिहीत. "मी स्टँडवर असेन. सहालाच असेन. आता तुम्ही एकदा म्हणा."

"मंगळवार," ती म्हणाली. ऑफिसचा आवाज कुठेतरी मागे राहिला होता आणि नुसतीच हवा बाहेर येत होती. "अकरा. सव्वासहा."

"बरोबर."

आता खरं तर काम झालं होतं. खूण करायची आणि अठ्ठाविसावी ओळ घ्यायची. एक वाजायला पाच मिनिटं होती. घर दहा मिनिटांवर. दोन साड्या, चष्मा, दाबाच्या गोळ्या, बँकेचं नको, आईचा एक फोटो आहे तो नको, किंवा असू दे. पुठ्ठे लावलेल्या खोलीत दिवा लावून शोधावं लागेल. सव्वीसला पुन्हा फोन करायचा राहिलाय तो मास्तर करतील. सतराव्या गल्लीतल्या म्हातारीचं त्यांना सांगून ठेवायला हवं, दोन माणसं लागतील म्हणून. मनात हे सगळं एकामागून एक येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असल्यासारखं तिला वाटत नव्हतं. पलीकडे वहिनी काहीतरी विचारत होती. दादाने ते ऐकून घेतलं.

"आणखी एक," तो फोनमध्ये म्हणाला. "घरात विचारतायत. ती जेवून निघणार आहे, की इथे येऊन जेवणार?"

"तिथे येऊन," ती म्हणाली.

"बरं," दादा म्हणाला. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं त्याने विचारलं नाही.